दादाचं एक वर्ष

"फोन दे," बहिणीने हात पुढे केला.

सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. दादाने निमूटपणे फोन दिला. तिने त्याचा आणि स्वतःचाही फोन त्याच्या हत्यारांच्या पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली आईकडे दिली. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची पेटी एकट्याला उचलवायची नाही.

"आणि मावशीने फोन केला तर?" आई कुरकुरली.

"सामना संपल्यावर करेल. कुठे पळून चाललीये मावशी!"

हे प्रकरण एका दुपारी जेवताना उघड झालं होतं. मोबाइलवरच्या सट्ट्यात आपण गळ्यापर्यंत बुडालोय, एकट्याने यातून सुटता येणार नाही, असं दादाने ताटाकडे बघत सांगून टाकलं. आईच्या हातातला चमचा खाली पडला. बहीण पांढरीफटक पडली. सट्टा सोडू पाहणाऱ्यांच्या गटाचा पत्ता दादाने आधीच काढून ठेवला होता. तिने फक्त सोबत यायचं होतं.

गटाचा नियम कडक होता. सोडणाऱ्याबरोबर घरचं एक माणूस सांभाळायला हवंच. त्याने आधी स्वतःचा फोन साफ करायचा, म्हणजे समोरच्याला मोह नको. शिवाय सामन्याच्या वेळी दोघांचेही फोन कुलपात. बहिणीने समुपदेशक बाईंसमोरच आपला फोन साफ केला. बराच वेळ लागला, पण तिचा फोन तसा जुनाच होता.

मग प्रत्येकाने आपली हकीकत सांगायची वेळ आली. दादा बोलायला उठला की चाचपडायचा. सट्ट्याच्या भाषेत अडखळला की बहीण बाजूने शब्द पुरवायची. भावाचं दुखणं तिने तोंडपाठ केलंय, म्हणून सगळ्यांना तिचं कौतुक.

पहिले महिने फार वाईट गेले. बहीण कवळ्या बनवायच्या कारखान्यात मेणात दात बसवायची. एका आजोबांचे वरचे दोन दात तिने चक्क उलटे बसवले, आणि मालकाने सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं. घरी आली की ती कुणावरही वसकन ओरडायची. दादा मात्र दोन वेळा पोटभर जेवायचा.

"याला लाज नाही आणि हिला झोप नाही," आई मावशीला सांगायची. "भावाच्या काळजीने पोखरली गं माझी पोर."

मोठ्या स्पर्धेचा शेवटचा सामना होता, त्या दिवशी दोघांचे फोन सकाळीच पेटीत गेले होते. बहीण अर्ध्या दिवसातच घरी परतली.

"आई, किल्ली दे. कारखान्यात एक फोन करायचाय."

आईने किल्ली दिलीसुद्धा. बहीण पेटीपाशी बसली, तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला.

"आज मला राहवत नाहीये," तो हळूच म्हणाला. "तू ती पेटी उघडलीस तर माझं काही खरं नाही. माझ्यासाठी थांब."

किल्ली कुलपात होती. तिने दादाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मग किल्ली काढून तिने आईच्या हातात कोंबली.

"चल, चालून येऊ," ती म्हणाली.

सामना संपेपर्यंत दोघं रस्ते तुडवत राहिली. तिने दादाचा दंड घट्ट धरला होता आणि ती हमसून हमसून रडत होती. समोरून येणारी माणसं बिचकून बाजूला होत होती. दादाने तिला रडू दिलं.

त्यानंतर गाडी रुळावर आली. बहीण गाढ झोपू लागली. तिच्या हातचे दात ओळीत बसायला लागले, आणि त्याच मालकाने नव्या मुलींना शिकवायचं काम तिच्यावर सोपवलं. आईला तर पोरगी परत मिळाल्यासारखं झालं. तशी ती मुलाच्याच सुटकेसाठी देवाचे आभार मानायची.

बघता बघता वर्ष झालं. गटाची खोली गच्च भरली. आई आणि मावशी पहिल्याच रांगेत बसल्या. समुपदेशक बाईंनी दादाला पुढे बोलावलं आणि त्याच्या छातीवर वर्षपूर्तीचा बिल्ला लावायला हात उचलला.

"हा बहिणीला द्या," दादा मागे सरकत म्हणाला. "श्रेय तिचं आहे."

लोकांनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. मावशीने पदर डोळ्यांना लावला. बहीण उठून पुढे गेली, तिने बिल्ला घेतला आणि स्वतःच्या छातीवर लावला. मग ती ताठ मानेने लोकांकडे वळली.

"माझ्या भावाने आयुष्यात एकदाही सट्टा लावलेला नाही," ती म्हणाली. "खेळायचे ती मी. आज वर्ष झालं ते मला."

टाळ्या थांबल्या. दादा आ वासून तिच्याकडे बघत राहिला.

"माझं नाटक... तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात," ती हसत म्हणाली. "पण तुला पकडलं असतं, तर मला कुणी धरून ठेवलं असतं?"