अण्णाची पाठ

हेडफोनमधून तबला सुरू झाला, व्हायोलिनने वळण घेतलं, चेतनने तोंड उघडलं, आणि आवाज बाहेर यायच्या ऐवजी आतच निघून गेला. सकाळपासून हेच चाललं होतं.

केलगेरीत, तळ्याकाठच्या वेदश्रीच्या घराच्या माडीवर, भिंतींना गाद्या लावून केलेली ती रेकॉर्डिंगची खोली. काचेपलीकडे स्वतः वेदश्री बसलेली. व्हायोलिन तिनेच वाजवलं होतं, तबला कृष्णाने. चेतनचे हे जुने दोस्त त्याच्या पहिल्यावहिल्या एकट्याच्या अल्बमसाठी हौसेने राबत होते. गाणी चेतनची, चाली त्याच्याच. वाद्यं भरून झाली होती. राहिला होता फक्त गळा, आणि तो रुसून बसला होता.

शेवटी चेतनने हेडफोन काढले आणि खरं कारण सांगितलं. हुबळीच्या ‘चिगळी’ बँडमध्ये तो इतकी वर्षं बास गिटार वाजवत मागून गळ्याने साथ द्यायचा. पुढं उभा राहून गाणारा यशवंतअण्णा. आता अण्णाची पाठ ज्याने पाहिली नाही, त्याला रुंदी म्हणजे काय हे कळायचं नाही. जुन्या हुबळीत एका लग्नात वाऱ्याने मांडवाचा पडदा उडाला, तेव्हा त्या बाजूला अण्णाला उभं केलं, आणि होम शेवटपर्यंत विझला नाही. एका गणपतीत पोरांनी त्याच्या पांढऱ्या शर्टावर अख्खा सिनेमा पाहिला. मध्ये अण्णा शिंकला, तेवढाच काय तो नायक हलला. चेतन गायचा तो त्या पाठीकडं बघून. पुढं ती नसली की त्याला भर चौकात आंघोळीला बसवल्यासारखं व्हायचं.

मग अण्णालाच बोलावू, असं कृष्णा म्हणाला. चेतनने कानाला हात लावले. या अल्बमचं अण्णाला त्याने सांगितलंच नव्हतं. धाकट्या भावासारखं सांभाळलेलं अण्णाने त्याला. कळलं तर त्याचं मन मोडेल, पाठोपाठ बँड मोडेल. त्यापेक्षा अल्बम गेलेला बरा.

कृष्णा स्वतःच माईकपलीकडं पाठ करून उभा राहिला. पण कृष्णाची पाठ म्हणजे पळीचा दांडा. तिच्या दोन्ही बाजूंनी काच दिसत होती. मग कृष्णा आणि वेदश्रीने तिच्या आईचं कपाट ढकलत आणलं आणि तिच्या वडिलांचा शर्ट त्याच्यावर चढवला. आणि काय सांगावं, चेतनचा आवाज फुटला! पण लाकडी. दुसऱ्या कडव्याला कपाटाचं दार आपोआप कुरकुरत उघडलं, आणि तोही गेला. चहा आणतो म्हणून कृष्णा खाली गेला तो बराच वेळ आलाच नाही. चेतनने गिटार पिशवीत घातली. आता पुरे म्हणाला. वेदश्रीने एकदा त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मशीन बंद करायला हात पुढं केला.

इतक्यात दार भरून गेलं. दारात अण्णा होता. मागून कृष्णा चहाची किटली घेऊन डोकावत होता. फोन त्यानेच केला होता. पत्ता सांगितला, कारण नाही.

अडखळत का होईना, चेतनने सगळं सांगून टाकलं: ही गाणी, हा चोरटा अल्बम, हा अडलेला आवाज. अण्णाने माईककडं बघितलं. शर्ट घातलेल्या कपाटाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग ते कपाट एका हाताने बाजूला सारलं आणि चेतनकडं पाठ करून उभा राहिला.

चेतनचे डोळे भरले. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात अण्णाचा उजवा हात कमरेमागं आला आणि दोन बोटं हलली. स्टेजवरची त्याची खूण: उचल आता.

चेतनने हेडफोन चढवले. वेदश्रीने ट्रॅक सोडला. पुढं ती पाठ होती, आणि गळा असा मोकळा झाला की एकामागून एक सगळी गाणी होऊन गेली. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका हातातले पिळे तसेच धरून ऐकत राहिल्या म्हणतात. भिंतींना गाद्या असताना ते तिथवर गेलं कसं, हे विचारायचं नाही.

शेवटचा सूर विरला. चेतन मटकन खाली बसला. छातीवरचा दगड कुणी उचलून नेल्यासारखं त्याला वाटत होतं. कृष्णाने गार झालेला चहाच सगळ्यांना वाटला.

“रागावला नाहीस ना, अण्णा?” चेतनने विचारलं. “आणि मला काय पाहिजे ते तुला बघताक्षणी कळलं कसं?”

अण्णा वळला. एवढा मोठा माणूस, पण नव्या नवरीसारखी मान खाली घालून उभा.

“अळणावरला मेहुण्याच्या वखारीत मीपण गपचूप माझा एकट्याचा अल्बम करतोय रे,” तो म्हणाला. “मागनं तुझी साथ नाही म्हणून सूरच लागंना. सागवानाचा ओंडका उभा करून बघितला मागं, काही गात नाही तो. रविवारी येतोस का?”