सासूबाईंचा आवाज

"आमचा विमा तुमच्याकडे चालतो का?" सुनेनं फोनवर पुन्हा तेच विचारलं. सकाळपासून एका दवाखान्यात 'तपासणीला चालतो, कानाच्या मशीनला नाही', तर दुसऱ्यात 'डॉक्टर आल्यावर विचारा'. आता मात्र पलीकडची बाई म्हणाली, "थांबा हं, विमा कंपनीलाच विचारून सांगते."

"कोणाशी गुलुगुलु चाललंय?" सासूबाई स्वयंपाकघरातून गरजल्या.

"कानाच्या दवाखान्याशी!" सूनही ओरडूनच म्हणाली.

"मी काय बहिरी आहे?"

भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनीही ते ऐकलं असणार. लग्न होऊन आल्यापासून सून हाच आवाज ऐकत होती. आधी रडू यायचं. पुढे ती उत्तरं मनात तयार ठेवू लागली.

फोन वाजला. "दोन्ही कानांची मशीनं विम्यात बसतात. दुपारीच घेऊन या."

दवाखाना मागच्याच गल्लीत निघाला, चष्म्याच्या दुकानावर. श्रवणतज्ज्ञ म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिनं सासूबाईंना काचेच्या खोलीत बसवलं, कानांत बारीक आवाज सोडून पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाली, "ऐकू कमी येऊन बरीच वर्षं झालीत. यांना स्वतःचं बोलणंसुद्धा नीट ऐकू येत नसणार."

मग तिनं दोन्ही कानांत मशीनं बसवून सुरू केली.

सासूबाई निश्चल बसल्या. हळूच त्यांनी आपल्या बाहीवर बोट घासलं. थांबल्या. पुन्हा घासलं.

"कापडाला आवाज असतो?"

कोण बोललं म्हणून सुनेनं दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. तो आवाज नाजूक होता, जरासा कापरा, शाळकरी मुलीसारखा. एवढी वर्षं एका घरात राहून या बाईला सून आज पहिल्यांदा भेटत होती.

"मी... ओरडत होते का गं इतके दिवस?"

तयार ठेवलेली सगळी उत्तरं सुनेला आठवेनाशी झाली.

"थोडंसं!" सवयीनं ती ओरडलीच.

सासूबाई दचकल्या. "अगं, हळू!" आणि दोघींना हसू फुटलं.

जिना उतरताना सासूबाई काहीतरी म्हणाल्या. रस्त्यावरच्या गाड्यांत ते विरून गेलं. सून एक पायरी खाली थांबली, वळली आणि तिनं आपला कान त्यांच्या ओठांजवळ नेला.