अहो

कुंदाताईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोण गं?"

त्यांची मुलगी शाल्मली चहा गाळता गाळता थांबली. आईच्या मेंदूतल्या स्मृतिचिपची प्रणाली तिचीच टीम सांभाळायची. जागा भरत आली की न लागणाऱ्या आठवणी चिप पुसून टाकायची. कालच्या अपडेटनंतर मात्र ती भलत्याच आठवणी पुसत सुटली होती.

दुपारी चूक सापडली. आधी चिप नुसती मनात आलेली आठवणही लागणारी धरायची. आता कुण्या शहाण्याने नियम बदलला होता: ज्याचं नाव तोंडी येत नाही, तो माणूस नको असलेला. लग्नातला उखाणा सोडला, तर आईने बाबांचं नाव कधी घेतलंच नव्हतं. हाक मारायची ती 'अहो', आणि ते गेल्यावरही 'हे असते तर' एवढंच.

शाल्मलीने जुना नियम परत घातला. चिप बसवलेल्या इतरांच्या आठवणी तरी आता वाचणार होत्या. पुसलेल्या परत येणार नव्हत्या.

ती आईजवळ बसली. "आई, हे बाबा. भालचंद्र."

"भालचंद्र," कुंदाताई म्हणाल्या. जराही न लाजता, परक्या दारावरची पाटी वाचावी तशा.