तेजलचा गिटार क्लास

सोळाव्या वर्षी धुळ्याच्या कॉलेजात नूतनने रॉक बँडच्या सॅमीची गिटार ऐकली आणि तिला वेडच लागलं. लग्न होऊन नशिराबादला आली, तरी भाकरी थापताना बोटं त्याच्याच गाण्यांवर चालायची.

पंचवीस वर्षांनी त्याच सॅमीने जळगावात क्लास काढला. नूतनने लगेच लेकीचं, तेजलचं, नाव घातलं. वर्षभर ती बाहेर थांबून ऐकायची. घडीत पायरीवर बसायची, घडीत खिडकीशी जायची.

एक दिवस सॅमी सर पहिल्यांदाच तिच्याशी बोलले, "ताई, हिला गिटारची अजिबात आवड नाहीये."

स्कूटीजवळ येताच नूतन लेकीवर चिडली, "मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना!"


तेजल म्हणाली, "सांगितलं असतं तर तू कोणत्या निमित्ताने आली असतीस, मम्मी?"