चोपन्न नंबर

"एक्क्याऐंशीच्या टीमनं या पोरांना अर्ध्या वेळेतच चीत केलं असतं," गस म्हणाला आणि त्यानं शेगडीवरची बरगडी उलटली.

"हो का? आताचा एकेक पोरगा तीनशे पौंडांचा आहे. नुसते अंगावर बसले तरी तुमचे विजेते सपाट," लेस्टर म्हणाला.

स्टेडियमबाहेर गाड्या लावायच्या मैदानात सकाळपासून सामन्याआधीच्या मेजवान्यांचा धूर होता. कॉलेजनं अमेरिकन फुटबॉलचं देशाचं अजिंक्यपद एकदाच जिंकलं होतं, एक्क्याऐंशी साली. त्यानंतर यंदा प्रथमच टीम एकही सामना हरली नव्हती. आजचा जिंकला की झालं. त्यामुळे गावात सध्या हा एकच वाद होता.

हॉलिसनं ट्रकमधून घडीच्या खुर्च्या काढून मांडल्या. मांडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण दोन मांडल्या. त्याची बायको नोरा मार्चमध्ये वारली होती. दुसरी खुर्ची मिटायला तो वाकला, तेवढ्यात व्हर्ना नवऱ्याला, बर्लला, हाताला धरून घेऊन आली. मग त्यानं ती तशीच राहू दिली. बर्ल त्या खुर्चीत बसला.

सगळे उठून उभे राहिले. बर्ल म्हणजे एक्क्याऐंशीचा चोपन्न नंबर. डोकं खाली घालून तो समोरच्यावर धावून जायचा आणि समोरचा उठायचा नाही. यंदा चोपन्न नंबरची ती जर्सी हॉलिसच्या मुलाच्या अंगावर होती. क्लेटनच्या.

"बर्ल, तूच सांग," गस म्हणाला. "तुम्ही भारी की हे?"

बर्ल त्याच्याकडे बघून हसला. "स्कोअर किती झाला?"

सामना अजून सुरूही व्हायचा होता. सगळे खो खो हसले. बर्लचा हा विनोद दर शनिवारी व्हायचा आणि हॉलिसही दर वेळी हसायचा. आज त्याचं लक्ष व्हर्नाकडे गेलं. ती हसली नव्हती. तिनं मांस हाडापासून सोडवलं, बारीक केलं आणि काटा बर्लच्या हातात दिला. काटा हातातच राहिला. मग तिनं त्याचा हात धरून तोंडापर्यंत नेला.

"एक मात्र मान्य," लेस्टर म्हणाला. "क्लेटन बर्लच्या तोडीचा आहे. गेल्या शनिवारची ती टक्कर! आवाज पार वरच्या ओळीपर्यंत आला."

"हुबेहूब बर्ल," गस म्हणाला. "हॉलिस, तुझा पोरगा दुसरा बर्ल होणार. लिहून घे माझ्याकडून."

हॉलिसच्या तोंडात घास फिरू लागला. तो आवाज त्यानंही ऐकला होता. रविवारी क्लेटन घरी आला, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातला दिवा मालवला होता. उजेड खुपतो म्हणाला. "डॉक्टरला सांगू नकोस, बाबा. एकच सामना राहिलाय. बाहेर बसवून ठेवतील मला." हॉलिस बरं म्हणाला होता.

"व्हर्नाबाई," त्यानं हळूच विचारलं, "बर्लचं हे विसरणं सुरू कसं झालं?"

"आधी उजेड खुपायला लागला," व्हर्ना म्हणाली. "मी खिडक्यांना जाड पडदे शिवले. मला वाटलं, डोळ्यांचं काहीतरी असेल."

तेवढ्यात बँड वाजू लागला. टीम बसमधून उतरून, लोकांमधून वाट काढत आत निघाली. दर सामन्याला चोपन्न नंबर बर्लपुढे थांबायचा. ती रीतच होती. क्लेटन कोट-टायमध्ये होता. तो वाकला आणि त्यानं आपलं कपाळ बर्लच्या कपाळाला टेकवलं. लोकांनी आरोळी ठोकली. गसनं टोपी उडवली.

क्लेटननं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. आभाळ भरलेलं होतं, तरी त्याचे डोळे बारीक झाले होते.

"बाबा, आईला सावलीत बसायला सांग," तो म्हणाला आणि पुढे गेला.

हॉलिस उभा राहिला. तोंडची सवय आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. सकाळी मी नाही का दोन खुर्च्या मांडल्या? माणूस बोलून जातो. त्यानं ते पुन्हा एकदा सांगितलं. तिकडे फाटकाशी सगळी टीम उजवीकडे वळली. क्लेटन डावीकडे चालत राहिला. मागच्या पोरानं हसत त्याचं कोपर धरलं आणि त्याला वळवलं.

हॉलिसनं ताटली खाली ठेवली.

"कुठे निघालास?" गसनं विचारलं.

"टीमच्या डॉक्टरकडे. क्लेटनच्या डोक्याला मार बसलाय."

"आज?" लेस्टर ओरडला. "अरे, वेडा का तू? त्याला बसवतील! पोरगा जन्मात तुझं तोंड बघणार नाही!"

हॉलिसचे पाय थांबले. घरात आता तो आणि क्लेटन दोघंच उरले होते.

बर्लनं नोराच्या खुर्चीतून मान वर केली. "स्कोअर किती झाला?"

गस सवयीनं हसला. व्हर्नानं बर्लच्या हनुवटीवरचं पुसलं आणि रुमालाची घडी घातली.

"जा, हॉलिस," ती म्हणाली. "खुर्च्या मी बघते."