चाळीस नग

"चाळीस नग म्हणजे चाळीस. एक्केचाळिसावा निघाला तर टेम्पोचं भाडं सरकार देणार नाही," कारकून म्हणाला आणि पुढच्या खोक्यावर खडूनं फुली मारली.

नवऱ्यानं मान डोलावली. बांधाबांध त्यानंच केली होती. प्रत्येक गाठ दुहेरी. बायकोला दूरच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचं काम लागलं होतं. कामासाठी गाव सोडणाऱ्यांना सरकार टेम्पो आणि तीन महिन्यांचं घरभाडं देत होतं. अर्ज तिनंच भरला, सामानाची यादीही तिनंच केली.

"मी कालच छापखान्याचा राजीनामा दिला," त्यानं कारकुनाला सांगून टाकलं. "दोघांपैकी एकाला तरी मन मोठं करावं लागतं."

"एवढी घाई करू नका, म्हटलं होतं मी," बायको म्हणाली. ती सुतळी गुंडाळत होती.

यादी त्यानं एकदाच पाहिली होती, तीही तिच्या हाताआडून. वर 'मागे' आणि सगळ्यात खाली 'पती', एवढंच दिसलं होतं. त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, "पुढे ड्रायव्हरशेजारी दोनच जागा. मी आणि आई. तुम्ही मागे."

त्याला पटलं. त्याच्या आईचे गुडघे दुखत. त्यानं बसायला एक उशी बाजूला काढली आणि वाऱ्यासाठी कानटोपी.

ओट्यावर एक ताट, एक पेला, एक चमचा उरला होता. तो ते कागदात गुंडाळू लागला.

"ते राहू द्या. लागेल."

"वाटेत, ना? डोकं आहे हां तुला."

ती आईला टेम्पोकडे घेऊन गेली.

टेम्पोत चढता चढता आईनं घराच्या किल्ल्या त्याच्या मुठीत कोंबल्या. "तुझ्याकडेच ठेव. आणि वेळेवर जेवत जा रे."

"अगं, मी काय परदेशी चाललोय? मागेच तर आहे!"

आई दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघू लागली. बायको तिच्या शेजारी बसली.

हमालानं मागचं फळकूट वर केलं आणि कडी घातली.

"अरे, मी राहिलो ना!" उशी उंचावत तो हसला. मग कारकुनाला म्हणाला, "हा हमालही एक नगच आहे."

कारकून हसला नाही. त्यानं यादी पुढे धरली आणि पेन दिलं. "चाळीस बरोबर भरले. आता खाली सही करा. मागच्यांमध्ये लिहिता-वाचता येणारे तुम्ही एकटेच आहात."

टेम्पो सुरू झाला. त्यानं पहिल्यांदाच यादी वरपासून वाचली.

'मागे सोडून जायचं सामान: डुगडुगत्या खुर्च्या, दोन. तडा गेलेला आरसा, एक. कॅरम, सोंगट्या कमी. पती, एक नग.'