किंकाळीवाली नीलम

“मावशी, परत मरायला चाललीस का गं?” पंचशीलाने आरशात डोकावत विचारलं.

“मरायला नाही. या वेळी नुसतं रडायचंय,” वैजयंता म्हणाली आणि पदराला पिन लावली.

पोस्टरवर तिचं नाव मिस नीलम असायचं. खुनाचे, अपहरणाचे, चार दिवसांत उरकलेले हिंदी सिनेमे. तिला कुणी गळा दाबून मारलं, कुणी गाडीखाली, कुणी वरसाव्याच्या पुलावरून खाडीत ढकललं. खाडीत पडायची ती पेंढा भरलेली बाहुली. किंकाळी मात्र नीलमची. दुसऱ्या नट्या मरायच्या तेव्हाही निर्माते तिलाच बोलवायचे. मरणारीचं तोंड निराळं, किंकाळी हिची. एकेका आठवड्यात ती तीन-तीन सिनेमांत मेली होती.

“रिक्षाने जा,” भाची म्हणाली. “आणि नाही जमलं तर नाही जमलं. मागच्यासारखं तोंड पाडून बसायचं नाही.”

मागच्या वेळी अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत एका मुलीने तिला मधेच थांबवलं होतं. “आजी, आवाज फाटतोय.” त्यानंतर कुणाचा फोन आला नाही. चटणी वाटताना मिक्सरच्या घरघरीत वैजयंता स्वयंपाकघरात एकटीच रडून बघायची. आवाज फाटायचाच. जेसल पार्कातल्या शेजारणींना वाटायचं, मिक्सर बिघडलाय.

आणि मग यतीन नावाच्या कुणाचा तरी फोन आला. “मॅडम, तुमचे जुने पिक्चर यूट्यूबवर बघतोय. असं रडणं आता कुणाला येत नाही.”

एवढं वाक्य तिला पुरलं होतं. आजही नाही जमलं, तर पुन्हा कुणाला फोन करायचा नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

बेव्हर्ली पार्कमधला साधाच फ्लॅट होता. खिडक्यांना गाद्या टेकवलेल्या, टेबलावर लॅपटॉप, माईक आणि हेडफोन. पाहून तिला बरं वाटलं. घोडबंदर रोडवरच्या भाड्याच्या बंगल्यांत शूटिंगला त्यांच्या युनिटने खिडक्यांना अशाच गाद्या-गोधड्या लावून भर दुपारी रात्र केली होती.

“स्टोरी थोडक्यात सांगू का मॅडम?” यतीनने विचारलं. पस्तिशीचा, नम्र माणूस.

“नको रे. आमच्याकडे स्टोरी कधी सांगायचेच नाहीत. सेटवर गेल्यावर कळायचं, आज कोण मारणार ते. मला फक्त सीन सांग.”

यतीनचा चेहरा खुलला. “म्हातारी आई आहे. गुंडांनी उचललीय. मुलगा परगावी असतो, त्याला फोनवर हिचं रडणं ऐकवतात. शब्द कमी, रडणं जास्त. तोंडावर रुमाल धरा.”

“तोंड बांधलंय होय.”

“हां. ‘लोकेश, मला वाचव.’ बस.”

“लोकेशचं काम कोण करतंय?”

“तो लांब बसलाय. हेडफोनवर ऐकू येईल तुम्हाला. आता सगळं असंच चालतं, ऑनलाइन. आणि मॅडम, रिटेक नाही हं.”

वैजयंता हसली. “रिटेक मागितला असता तर प्रोड्यूसरने खरोखरच मारलं असतं मला!”

तिने हेडफोन चढवले. शेजारच्या खोलीतून खलनायक बोलायला लागला. “तेरी माँ हमारे पास है.” कच्चा आहे, तिला वाटलं. त्यांचा जुना खलनायक दशरथ असता तर नुसत्या श्वासाने घाम फोडला असता. दशरथने तिचा किती वेळा गळा दाबला, त्याला हिशेब नव्हता. सीन संपला की तोच तिला संत्रं सोलून द्यायचा. “घशाला बरं,” म्हणायचा. आता तोही नाही, ते बंगलेही नाहीत.

यतीनने बोट वर केलं. तिने तोंडावर रुमाल दाबला.

“लोकेश... मला वाचव रे...”

आवाज फाटला. पण म्हातारीचा आवाज फाटणारच की! त्या फाटलेल्या आवाजातच ती पुढे रडत राहिली.

“आई!” पलीकडून मुलगा ओरडला. “आई, रडू नकोस! लागलंय का तुला? अहो, तिच्या तोंडावरचं काढा, तिला दमा आहे!”

दमा यतीनने सांगितला नव्हता. पोराने पदरचा घातला होता. समोरचा असं देतो तेव्हा आपणही द्यायचं. ती लगेच धापा टाकू लागली. पोराचा आवाज कापायला लागला. तो गयावया करू लागला, तशी ती आणखी रडली. डोळ्यांतून खरं पाणी आलं. किती वर्षांनी!

यतीनने हात जोडून थांबायची खूण केली आणि शेजारच्या खोलीत धावला. तिथे कुणीतरी टाळ्या पिटल्या. तो दारातून डोकावला. “मॅडम, एक नंबर! उद्यापासून रोज काम आहे तुम्हाला. थांबा, चहा सांगतो.”

रोज! पंचशीलाला कधी एकदा सांगते, असं तिला झालं.

हेडफोनमध्ये मुलगा अजून हुंदके देत होता. चांगला नट भूमिकेतून लगेच बाहेर पडत नाही, हे तिला माहीत होतं. आणि चांगलं काम केलेल्याला जागच्या जागी शाबासकी द्यायची, ही त्यांच्या युनिटची रीत होती. तिने रुमाल बाजूला ठेवला आणि माईकजवळ वाकली.

“शाबास, पोरा! मी नीलम. तुझ्या आईचं काम केलं ना, ती मी. काय सुंदर केलंस रे! खरंच रडवलंस मला.”

हुंदके थांबले.

“पैसे पाठवले ना मी?” मुलगा म्हणाला. “मग आईला फोन द्या. तुम्ही कोण बोलताय?”